आत्या, हलू नकोस

१

आमच्याकडे संध्याकाळी टीव्ही लागला की जेवणं आटपेपर्यंत बंद होत नसे. माझी त्याला हरकत असायचं कारण नव्हतं. तो टीव्ही मीच घेतलेला, नोकरीत असताना. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी कापड बेतायला होते. लांबलचक टेबलाशी उभं राहायचं आणि थरावर थर रचलेलं कापड खडूच्या रेघेवरून कातरत जायचं. आयुष्यभर ती जड कात्री चालवून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलाय. अंगात काहीही घातलं तरी ते एका बाजूला लोंबतं. दुसऱ्यांची मापं आयुष्यभर बरोबर काढली, पण स्वतःला काही नीट बसलं नाही.

लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तो गेला. त्याचा मुलगा म्हणजे माझा भाचा बाळ्या. तो आणि सूनबाई माझ्याकडे राहायला आले ते ‘आत्या, आता तुझ्याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं’ असं म्हणून. आले तेव्हा दोन बॅगा होत्या. मग मागून एक सोफा आला. सोफ्यासाठी बाहेरच्या खोलीतला माझा पलंग आत गेला, स्वयंपाकघराला लागून जी अडगळीची खोली होती तिथे. मला झोपायला तेवढी जागा पुरते, हे मीच म्हणाले. असं काहीतरी आपणच म्हणून टाकलं की समोरच्याला बरं वाटतं.

तो सोफा दोघांचा होता. तिसरं माणूस बसू शकायचं, पण मग ते तिघांनाही सारखं जाणवत राहायचं.

पूर्वी गच्चीवरच्या अँटेनावरून चित्र यायचं. पाऊसपाणी असलं की मुंग्या यायच्या. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या खांद्याला चिकटून तिचीच एक फिकट सावली दिसायची, मी तिला बाईंची धाकटी बहीण म्हणायचे. पण दिसायचं. मग सरकारने ते जुनं प्रक्षेपण बंद केलं आणि नवं सुरू केलं. त्यासाठी एक डबा घ्यावा लागला. पहिल्या दिवशी चित्र इतकं लख्ख आलं की बाळ्याने टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

जुनं चित्र आजारी पडायचं, कण्हतकुंथत चालायचं. हे नवं एकदम जीव टाकतं. माणसाचा चेहरा आधी थिजतो, मग त्याचे चौकोनी ठोकळे होतात, कपाळ गालाखाली येतं, ओठ हलायचे थांबतात पण आवाज तसाच कुठूनतरी तुटक येत राहतो. आणि मग काळा पडदा, त्यावर दोन शब्द: सिग्नल नाही.

बाळ्याचे नाकी नऊ आले. डबा बदलला, वायर बदलली, अँटेना गच्चीवरून काढून खिडकीत आणला. डिशची छत्री लावायची तर इमारतीच्या समितीची परवानगी नाही, दर्शनी भिंत खराब होते म्हणे. एका संध्याकाळी अशीच दोघांची धुसफूस चालू असताना मी पडदा ओढायला खिडकीपाशी गेले. टीव्हीच्या पलीकडे, भिंत आणि खिडकी यांच्या बेचक्यात.

चित्र आलं.

“आत्या,” बाळ्या म्हणाला, “हलू नकोस.”

२

अँटेनावाल्याला बोलावलं. त्याने खिडकीतून समोर बघितलं आणि मान हलवली. समोर नवी उंच इमारत उभी राहिली होती. “लहर सरळ येतच नाही हो तुमच्याकडे. कुठेतरी आपटून, उलटी फिरून येते. मग खोलीत कोण कुठे उभं आहे यावरसुद्धा फरक पडतो. माणूस म्हणजे काय, निम्म्याहून जास्त पाणीच.”

“मग तिथे पाण्याचं पिंप ठेवू का?” बाळ्याने विचारलं.

पिंप ठेवलं. चित्र गेलं. बाळ्या स्वतः उभा राहिला. गेलं. सूनबाई उभी राहिली, मग खाली बसली, मग हात वर करून उभी राहिली. आम्ही सगळे खूप हसलो त्या दिवशी. माझा जाड स्वेटर खुर्चीच्या पाठीला अडकवून बघितला. शेवटी मी जाऊन बसले आणि पडद्यावर कुणीतरी स्वच्छ, खणखणीत आवाजात हवामान सांगायला लागलं.

“आता यात माझं काय काम?” म्हणून अँटेनावाला हत्यारं गोळा करून निघून गेला.

तेव्हापासून ती माझी जागा झाली. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची तिथे कायमची गेली. ती इंचभर सरकली तरी चित्र बिघडायचं, म्हणून तिच्या पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या. खडू माझाच, कारखान्यातला, आणि खुणाही मीच केल्या. दुसऱ्या कुणाला सरळ रेघ आलीच नसती.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला बरंच वाटलं. घरात मी काहीतरी उपयोगाची होते. संध्याकाळ झाली की सूनबाई आतून हाक मारायची, “अहो आत्या, या ना लवकर, सुरू होईल आता.” इतक्या आपुलकीने मला त्या घरात आधी कुणी बोलावलं नव्हतं.

फक्त तिथून मला पडदा दिसायचा नाही, आवाजही मंद, अस्पष्ट यायचा. खुर्ची टीव्हीच्या थोडी मागेच होती. मला दिसायची ती टीव्हीची काळी कड, त्यामागचं वायरींचं जाळं, आणि समोर सोफ्यावर ती दोघं. दोघांच्या तोंडांवर निळा, पिवळा, परत निळा उजेड. मालिका मी त्यांच्या तोंडांवरून बघायला लागले. सूनबाईची हनुवटी वर आली की कुणीतरी खोटं बोलतंय. बाळ्या नाक खाजवायला लागला की रडारड. एकदा मी गमतीने म्हटलं, “आज त्या थोरलीला घराबाहेर काढलं वाटतं?”

“तुम्हाला कसं कळलं?” सूनबाईने विचारलं.

“तुम्हाला आनंद झाला ना, त्यावरून.”

ती हसली नाही. बाळ्या म्हणाला, “आत्या, बोलताना मान हलते तुझी.”

मग मी बोलणंही सोडलं.

३

इमारतीच्या गच्चीवर मी चादर वाळत घातली होती. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं, तशी मी उठले. “चित्र जाईल हं दोन मिनिटं,” असं सांगितलं. दोघांची नजर पडद्यावरच होती. गच्चीवर वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर भेटले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ते त्याबद्दल सोडून दुसरं काही बोलत नसत. दोन्ही गुडघ्यांची हकीगत ऐकून मी खाली आले.

दारातूनच टीव्हीचा आवाज ऐकू आला. सलग, कुठे खंड नाही. मला वाटलं, चला, सुधारलं एकदाचं. जीव भांड्यात पडला म्हणावं तर तसंही नाही. थोडं वाईटच वाटलं. सुधारलं म्हणजे आता माझं तिथे काही काम नाही.

चादर छातीशी धरून मी आत गेले, दोघांच्या समोरून वाकून पुढे झाले आणि खुर्चीवर बसले. बसले मात्र, आणि टीव्ही कचकन अडखळला. आवाजाचे तुकडे झाले.

“शी! अहो आत्या, आता कशाला हललात?” सूनबाई म्हणाली. “इतका वेळ कशा छान बसला होतात.”

“मी गच्चीवर होते.”

“हो हो,” बाळ्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “जरा मागे सरक बघू. अजून. हां, बास.”

आवाज परत जुळला. मी मांडीवरच्या चादरीकडे बघत बसले. तिला बाहेरच्या हवेचा वास येत होता. म्हणजे मी गच्चीवर गेले होते, यात शंका नव्हती. पण मला दुसरंच काहीतरी टोचत होतं आणि ते काय आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

खुर्ची गरम होती.

मी खिडकीकडे बघितलं. समोर ती उंच इमारत. ती झाल्यापासून आमच्या खिडकीत ऊन असं येतच नाही. टीव्हीच्या मागच्या बाजूची गरम हवा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मागे हात धरून बघितला. तिथे कोमट होतं. खुर्चीची ऊब तशी नव्हती. बसमध्ये एखादा उतारू उठतो आणि आपण त्याच्या जागेवर बसतो, तशी होती.

४

मी वेडगळ बाई नाही. थरावर थर ठेवून एका घावात कापायचे, तर डोकं ठिकाणावर लागतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघं कामावर गेल्यावर, टीव्ही लावला. खुर्चीवर बसले: आवाज आला. उठले: गेला. परत बसले, परत उठले. दरवेळी तेच. म्हणजे काही सुधारलेलं नव्हतं. चित्राला तिथे माणूस लागतच होता.

संध्याकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. मटार सोलायला घेतले. बाहेर टीव्ही लागला, थोडा खरखरला. मी वाट बघत होते, आता हाक येईल, आत्या, या ना. हाक आलीच नाही. मालिकेचं सुरुवातीचं गाणं वाजलं, पूर्ण वाजलं.

मग बाळ्याचा आवाज आला. “आत्या, जरा मागे सरक.”

मी तिथूनच ओ देणार होते. तोंड उघडलंही.

“हां. बास, बास. तशीच राहा.”

मटाराची शेंग माझ्या हातात अर्धी उघडलेली होती. ती मी तशीच ताटलीत ठेवली. भिंतीला हात लावत मी दारापर्यंत गेले. स्वयंपाकघराच्या दारातून सोफा दिसतो, पण तो कोपरा दिसत नाही, मध्ये काचेचं कपाट येतं. मला ती दोघं दिसत होती. सूनबाई पाय वर घेऊन बसली होती. बाळ्याने कोपऱ्याकडे एकदा बघितलं. माझ्याकडे बघताना तो ओठांचा एक कोपरा वर करून अर्धवट हसतो. लहानपणापासूनची सवय आहे. तो तसाच हसला, कपाटापलीकडे, आणि परत टीव्हीकडे वळला.

“चहा घेताय ना?” सूनबाईने तिकडे बघून विचारलं. उत्तर मला ऐकू आलं नाही. तिला आलं असावं, कारण ती उठली आणि आत यायला लागली. मी घाईघाईने माझ्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं. माझ्याच घरात, सूनबाईने मला बघू नये म्हणून. भांड्यांचा आवाज झाला, कप निघाले. चहाचा वास आला. ती गुणगुणत होती.

टीव्ही बंद झाल्यावर, दिवे मालवल्यावर मी बाहेर आले. कोपऱ्यात खुर्चीशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर एक कप होता. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. मी तो मोरीत ओतला आणि विसळला. का विसळला, मला सांगता येणार नाही. सकाळी सूनबाईला दिसू नये असं वाटलं. तिच्या दृष्टीने चहा मीच टाकला असता.

५

“काल संध्याकाळी मी आत होते,” नाश्त्याच्या वेळी मी म्हटलं. “पूर्ण वेळ. मटार सोलत.”

बाळ्या मोबाईलवर काहीतरी बघत होता. “नाही गं. कोपऱ्यातच तर होतीस.”

“नव्हते. ताटली बघ, तिथे आहे अजून.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला. या दोघांची तोंडं वाचायची मला चांगलीच सवय झाली होती.

“आत्या,” सूनबाई गोड आवाजात म्हणाली, “होतं असं या वयात. माझ्या आजीचंही व्हायचं. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू या का?”

“चहा मी प्यायले का, काल?”

“नाही प्यायलात. मी म्हटलं, नको असेल.”

“मग उत्तर काय दिलं मी तुला? घेते म्हटलं की नको म्हटलं?”

तिने आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला, कपाळाला आठी पडली तिच्या. “काहीतरी म्हणालात ना,” ती म्हणाली.

“उलट आत्या, मी तुला सांगणारच होतो,” बाळ्या मोबाईल ठेवून म्हणाला, “हल्ली तू फार छान बसतेस. आधी सारखी चुळबुळ चालायची तुझी, कधी पाणी, कधी खोकला, कधी मध्येच बोलणं. आता एकदा बसलीस की बसलीस. चित्र अजिबात तुटत नाही.” आणि तो अर्धवट हसला. माझं कौतुक करत होता तो.

इतकी वर्षं मी त्या मुलाचे कपडे बेतले. शाळेत त्याला नीट बसणारी एकुलती एक पँट माझ्या हातची होती. त्याने माझं कौतुक केलं ते मी नसल्याबद्दल.

त्या दिवशी मी काजूकडे गेले. काजू म्हणजे माझी कारखान्यातली मैत्रीण. बटणांची काजं करायच्या मशीनवर होती, म्हणून सगळे तिला काजू म्हणायचे. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागायचं. तो गेला, मुली लांब दिल्या, आता एकटी राहते. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते फाटक्या कापडासारखं वाटत होतं, कुठे टाका घालावा कळेना.

काजूने ऐकून घेतलं. “त्यांनी तुला कोपऱ्यात बसवलं,” ती म्हणाली, “आणि तू बसलीस. एवढंच मला यातलं पटतंय. बाकीचं मला माहीत नाही.”

“खुर्ची गरम होती, काजू.”

“असेल. तू माझ्याकडे ये राहायला. माझ्याकडे टीव्ही नाही.”

“घर माझं आहे ते. मी का जाऊ?”

“मग सोफ्यावर बस,” काजू म्हणाली. “घर तुझं आहे तर सोफ्यावर बस ना. बघ काय होतं.”

६

मी बसले.

आधी आत थांबले. टीव्ही लागू दिला. बाळ्याचा आवाज येऊ दिला. “हां आत्या, मस्त.” मग स्वेटर सारखा केला आणि बाहेर गेले. कपाटाच्या कडेवरून पुढे होताना मान खाली ठेवली. मला फरशी दिसत होती, सोफ्याचे पाय दिसत होते. बाळ्याच्या बाजूला जी जरा जागा असते तिथे मी जाऊन टेकले. तो सरकला. न बघता, आपोआप, बसमध्ये आपण सरकतो तसा.

मी पडद्याकडे बघितलं. ती खुर्ची माझी झाल्यापासून पहिल्यांदाच मी मालिका चालू असताना पडद्याकडे बघत होते. काय चित्र होतं! एक बाई खिडकीशी उभी होती, तिच्या ब्लाउजच्या बाहीवरचा टाकान् टाका दिसत होता. एका जागी शिलाई सुटलेली होती, तीही दिसली. मला एकदम रडू आलं. माझ्या घरात रोज हे येत होतं, माझ्यामुळे येत होतं, आणि मी ते बघितलं नव्हतं.

“बाळ्या,” मी हळूच म्हटलं.

“श्शू,” तो म्हणाला. पण तो माझ्याकडे वळला नाही. कोपऱ्याकडे वळला. “आत्या, बोलू नकोस ना, मान हलते.”

मला तिकडे बघायचं नव्हतं. मी स्वतःला सांगत होते, चित्राकडे बघ, बाहीकडे बघ. पण डोळ्याच्या कडेला जे दिसतं ते बंद करता येत नाही. खडूच्या खुणा दिसल्या, त्यांत खुर्चीचे पाय बरोबर बसलेले. मग घरातल्या चपला. त्यावर गाऊनची कड, माझ्याच गाऊनची, पण तो तर माझ्या अंगात होता. गुडघ्यांवर दोन हात ठेवलेले. सगळं इतकं स्थिर की मला वाटलं, स्वेटरच लटकवलाय कुणीतरी परत. हसू यायला लागलं होतं मला सुटकेचं.

मग माझी नजर खांद्यांवर गेली. ती जाणारच. आयुष्यभर तेच केलंय, माणूस दिसलं की आधी खांदे बघायचे. एक खांदा बोटभर खाली होता. पण डावा.

आरशात बघते तेव्हा मी तशी दिसते. दुसऱ्या कुणाला मी तशी दिसत नाही.

चेहरा मी बघितला नाही. एवढंच दिसलं की तो पडद्याकडे नव्हता, तिथून पडदा दिसतच नाही. तो त्या दोघांकडे होता. मी कंटाळून बघायचे, वेळ जात नाही म्हणून. ती मन लावून बघत होती. बाळ्याने नाक खाजवलं तसं तिचं डोकं केसभर पुढे झालं, धडा पाठ करणारं मूल पुस्तकावर वाकतं तसं. मग ते डोकं हळूहळू, चित्र तुटणार नाही इतकं हळू, सोफ्याच्या या टोकाकडे वळायला लागलं.

मी उठले. उठताना माझा गुडघा बाळ्याच्या गुडघ्यावर आपटला, चांगला जोरात. त्याने हाताने गुडघा चोळला आणि बघत राहिला.

७

सकाळी बॅग भरली. दोन जोड कपडे, औषधं, चष्मा. कोपऱ्यात खुर्ची रिकामी होती, दिवसा ती नेहमी रिकामीच असायची. मी तिच्याकडे पाठ केली नाही, पाय मागे मागे टाकत दारापर्यंत गेले. सूनबाई बाथरूममध्ये होती. “येते गं मी,” मी म्हटलं. पाण्याच्या आवाजातून तिने “हं” केलं. बाळ्या आधीच गेलेला होता. चिठ्ठी ठेवावी असं मनात आलं. पण काय लिहिणार, मी घरात नाही?

काजूने दार उघडून बॅग माझ्या हातातून घेतली. तिच्या खोलीत दोन खाटा मावत नाहीत, म्हणून आम्ही गादी टाकतो, एक दिवस ती खाली, एक दिवस मी. तिच्याकडे संध्याकाळ फार लांब असते. खिडकीतून खालची वर्दळ दिसते, ती आम्ही बघतो. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाचातरी टीव्ही चालू असतो. सुरुवातीला त्या आवाजाने माझी पाठ आपोआप ताठ व्हायची, मान धरली जायची.

माझ्याकडे मोबाईल नाही, पण काजूचा नंबर बाळ्याकडे आहे; मी फोनची वाट बघत होते, हे कबूल करायला हरकत नाही. आज येईल, रविवार आहे, आज येईल. औषधं संपली असतील हे तरी लक्षात येईल. निदान संध्याकाळी टीव्ही लावला की लक्षात येईल, चित्र गेलं की शोधतील. मी रोज त्या वेळेला काजूच्या खिडकीत उभी राहून खाली रस्त्याकडे बघत असे. बाळ्याचं चालणं मला लांबूनही ओळखता येतं.

ते घर माझ्या नावावर आहे. अजून तरी असेल.

शेवटी एका संध्याकाळी काजूनेच स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला. “लाव,” ती म्हणाली. “चार शिव्या घाल आणि ठेवून दे. म्हणजे तुला झोप लागेल.”

मी सूनबाईचा नंबर लावला. तिने लगेच घेतला. मागे मालिका चालू होती.

“हॅलो, कोण?”

“अगं मी बोलतेय.”

“मी कोण?”

“आत्या.”

मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर चिडेल. यातलं काहीही चाललं असतं मला.

“आत्यांशी बोलायचंय का?” तिने विचारलं. “थांबा हं, इथेच बसल्यात. देते.”

“सूनबाई,” मी म्हटलं, “अगं, ऐक...” पण फोन तिच्या कानाशी नव्हताच. तिच्या पावलांचा आवाज आला. सोफ्यापासून किती चालायचं असतं ते मला माहीत आहे, फार नाही. टीव्हीचा आवाज आधी मोठा झाला, मग एकदम मंद, जसा तो टीव्हीच्या मागच्या बाजूने ऐकू येतो. “आत्या, तुमचा फोन,” सूनबाई म्हणाली. “तुमची मैत्रीण असेल कुणीतरी.”

कुणीतरी फोन हातात घेतला.

मी बोलले नाही. तिकडूनही कुणी बोललं नाही. तिकडे कान लावून ऐकणारं कुणीतरी होतं, एवढं समजत होतं. माणूस ऐकत असलं की फोनमधली शांतता वेगळी असते. त्या शांततेमागे मालिकेतली बाई रडत होती. मग तिचा आवाज तुटला, एकदा, दोनदा.

“आत्या,” लांबून बाळ्या म्हणाला. तीच हाक, तोच लाडिक त्रागा. “फोन दुसऱ्या कानाला धर ना. चित्र तुटतंय.”

माझ्या कानात कापडाची सळसळ झाली. फोन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. मालिकेतली बाई परत सलग, स्वच्छ रडायला लागली.

“हां,” बाळ्या म्हणाला. “मस्त.”

मी फोन बंद केला. काजू कणीक मळत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “काय म्हणतायत घरी?”

“टीव्ही बघतायत,” मी म्हटलं.